गॉलवेला गेलेला कोट

समुद्रातून कुडकुडत बाहेर आलेल्या कॉर्मॅकने खुंटीवरचा कोट अंगात चढवला, चष्म्यासाठी खिशात हात घातला आणि त्याच्या हाताला अर्धवट खाल्लेलं सॉसेज लागलं. कागदात गुंडाळलेलं होतं, पण सॉसेजच.

"हा माझा कोट नाही," तो म्हणाला.

दातावर दात आपटत असल्यामुळे ते कुणालाच नीट कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, तेव्हा धक्क्यावरची सगळी मंडळी आपापले खिसे चाचपू लागली. कोट सगळ्यांचेच सारखे होते. काळे, पोटरीपर्यंत लांब, आतून लोकरीच्या अस्तराचे. लांबून पाहणाऱ्याला पाद्र्यांचं संमेलन भरलंय असं वाटलं असतं.

पूर्वी गावातली माणसं शुक्रवारी रात्री हॅनिगनच्या पबात भेटायची. हल्ली त्यांतली निम्मी शनिवारी सकाळी इथे यायची. आधी बर्फासारख्या पाण्यात डुबकी, मग सॉनाच्या लाकडी खोलीत खांद्याला खांदा लावून घाम गाळणं, मग चहा आणि गप्पा. कॉर्मॅक एरवी बुधवारी यायचा. शनिवारी तो आज पहिल्यांदाच आला होता.

"काय काय होतं तुझ्या कोटात?" ब्रीदने विचारलं. एकाहत्तर वर्षांची ब्रीद या मंडळींची पुढारी होती. तीस वर्षं पोस्ट ऑफिसात घालवल्यामुळे हरवलेल्या वस्तू हा तिचा जिव्हाळ्याचा विषय होता.

"चष्मा. घराची किल्ली. फोन."

"म्हणजे तुला दिसत नाही, घरात जाता येत नाही आणि कुणाला सांगताही येत नाही. छान! आणि या कोटात काय आहे?"

"सॉसेज," कॉर्मॅक म्हणाला. "आणि हा एक फोन."

बटणांचा जुनाट फोन होता. ब्रीदने तो ताब्यात घेतला. "आठ वाजता येणारी मंडळी नुकतीच गेली. त्यांतलाच कुणीतरी तुझा कोट घालून गेला असणार. नंबर सांग तुझा."

कॉर्मॅकने सांगितला. ब्रीदने एकेक बटण दाबलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"अरे, हा माणूस तुला ओळखतो. तुझं नाव आलंय इथे. 'कॉर्मॅक गुडघा'. गुडघा कशाला रे?"

कॉर्मॅकच्या अंगातली उरलीसुरली ऊब निघून गेली. कारण गुडघ्याची थाप त्याने जगात एकाच माणसाला मारली होती. मॅलकीला.

मॅलकी आणि तो गेली तीस वर्षं हॅनिगनच्या पबात खिडकीजवळच्या टेबलाशी बसत होते. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी कॉर्मॅकच्या मुलीला, सॉरखाला, तो जिन्यात बुटांसकट झोपलेला सापडला. तिने फक्त खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, लहानपणी तो तिच्या सोडायचा तशा. त्या दिवसापासून त्याने दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता. पण हे मॅलकीला सांगायचं कसं? ग्लास नसलेल्या कॉर्मॅकशी मॅलकी काय बोलणार? म्हणून त्याने गुडघा पुढे केला. "चालवतच नाही रे." त्यावर मॅलकीही म्हणाला होता, की मलाही जमायचं नाही, बहीण आजारी आहे, तिकडे लांब गॉलवे शहरात जाऊन राहतोय. कॉर्मॅकला तेव्हा हायसं वाटलं होतं. नंतर मात्र फार एकटं वाटलं होतं.

"बंद करा तो," कॉर्मॅक घाईघाईने म्हणाला. पण ब्रीदने फोन मोठ्या आवाजावर टाकला होता आणि पलीकडून उचललाही गेला होता.

"हॅलो?" आवाज घाबरलेला होता. "कोण बोलतंय? हे बघा, इथे माझंच नाव आलंय. मीच मला फोन करतोय."

"मॅलकी?"

"कॉर्मॅक? माझ्या फोनवर तू काय करतोयस?"

"आणि तू माझ्या फोनवर?"

सॉनाच्या रांगेतले अकराजण कान टवकारून उभे होते.

"मी गॉलवेला आहे," मॅलकी म्हणाला. "बहिणीकडे. सांगितलं नव्हतं का तुला?"

तेवढ्यात फोनमध्ये एक बस कर्कश ब्रेक दाबत थांबली. तोच आवाज धक्क्याच्या वरच्या रस्त्यावरूनही आला.

"मग माझा कोट गॉलवेला कसा पोचला?"

"स्टॉपवर आहे," मॅलकी हळूच म्हणाला. "येतो खाली."

तो आला तेव्हा चष्म्याविना कॉर्मॅकला नुसता एक काळा ठिपका दिसला. ठिपक्याने जवळ येऊन चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. मॅलकी बराच बारीक झाला होता. रंगही बरा दिसत होता.

दोघं बाकावर बसले. हातात ग्लास नसताना ते एकमेकांशेजारी कधी बसलेच नव्हते, त्यामुळे चार हातांचं काय करायचं हा प्रश्न पडला. ब्रीदने न विचारता दोन कप चहा आणून दिला आणि तो प्रश्न सुटला.

"सोडून किती दिवस झाले?" कॉर्मॅकने विचारलं.

"पाच महिने. डॉक्टरने लिव्हरचे फोटो दाखवले. तुला?"

"तेवढेच. पण मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणशील, चल, एकच घेऊ. आणि मी येईन. तुला नाही म्हणायला मला कधी जमलंय?" मॅलकीने चहात बघितलं. "हॅनिगनची गल्ली टाळतो मी. तू आत एकटाच बसला असशील असं वाटायचं."

"मला वाटायचं तू बसला असशील."

"मग आपल्या टेबलावर बसतं कोण?"

ते दोघांनाही माहीत नव्हतं. दोघंही हसले.

"पाणी फार गार होतं का रे आठ वाजता?" कॉर्मॅकने विचारलं.

मॅलकी चुळबुळला. "मी पाण्यात जात नाही. सॉनात बसतो, मग नळाखाली डोकं भिजवतो आणि पोहून आल्यासारखा बाहेर येतो."

"पण तू तर एकोणिसाव्या वर्षी अख्खं बंदर पोहून गेला होतास! एका पोरीसाठी! दोनशे वेळा ऐकलंय मी."

"बोटीने गेलो होतो. पोहता येत नाही मला."

कॉर्मॅकने कप खाली ठेवला. "ऊठ. काढ कपडे."

"वेड लागलंय का तुला?"

"गुडघाभर पाण्यात. त्याच्या पुढे नाही."

काही वेळाने, आतल्या चड्डीवरचा मॅलकी आणि दुसऱ्यांदा भिजायला निघालेला कॉर्मॅक हातात हात घालून पायऱ्या उतरले. पहिली लाट घोट्याला लागली तसा मॅलकीने असा काही सणसणीत शब्द उच्चारला, की ब्रीदने छातीवर क्रॉसची खूण केली. दुसऱ्या लाटेला त्याने कॉर्मॅकचा दंडच धरला.

"सोडू नकोस हां," तो कण्हला.

"नाही सोडत."

"आणि हे कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगणार?" कॉर्मॅक म्हणाला. "सांगायला मला तूच एक आहेस."