सोळा सोमवार आणि एक स्कूटी

वैजयंतीने सुमनबाईंच्या हातातली पुरणपोळी तिसऱ्यांदा मागे सरकवली आणि तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हटलं, "काकू, मला गहू चालत नाही हो. खाल्ला की तासाभरात चक्कर येते."

"गव्हानं?" शेजारच्या सुमनबाई कमरेवर हात ठेवून हसल्या. "उन्हानं येती चक्कर, दारूनं येती. गव्हानं कुणाला आल्याली म्या तरी आयकली न्हाई. अर्धी खा, काय व्हत न्हाई."

या 'अर्धी'चाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा. पाच वर्षं ती अर्धी अर्धीच खात आली होती आणि पाच वर्षं तिचं डोकं गरगरत होतं. बीपी तपासून झालं, शुगर झाली, कानाचा डॉक्टर झाला, पित्ताच्या पुड्या झाल्या. सासूबाईंनी, म्हणजे मल्लम्मांनी, मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेवटी या पावसाळ्यात शाळेतून येताना वैजयंतीने स्कूटी सरळ मोसंब्यांच्या हातगाड्यात घातली, तेव्हा कुठे परभणीच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली आणि निकाल दिला: गव्हातल्या ग्लूटेनचा त्रास. गहू, रवा, मैदा कायमचा बंद. सोळा आठवडे एकही चक्कर आली नाही तर स्कूटी चालवा, तोवर हात लावायचा नाही.

तेव्हापासून स्कूटी अंगणात जुन्या चादरीखाली उभी होती आणि वैजयंती नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून शाळेत शिकवायला जात होती. राजेश्वरचं सोनपेठात खताचं दुकान. त्याला नऊला शटर उघडायचं असायचं, म्हणून तो तिला आठलाच शाळेच्या बंद फाटकापाशी सोडायचा. संध्याकाळी आठवण होईल तेव्हा न्यायला यायचा. दोनदा तर त्याला घरी पोचल्यावर आठवलं होतं. ती रोज रात्री कॅलेंडरवर एक फुली मारायची आणि चादरीकडे बघून झोपायची.

गहू टाळणं सोपं होतं. भाकरी तर घरात रोजचीच होती. हिंगाच्या डबीत मैदा मिसळलेला असतो हे कळल्यावर तिने हिंगही सोडला. अवघड होतं ते लोकांना सांगणं. "डॉक्टरनी सांगितलंय" म्हटलं की समोरचा माणूस डॉक्टरचं नाव विचारायचा, मग त्याची फी, मग तो आपल्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरचं नाव सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "मनावर घेऊ नका. एका घासानं काय व्हतंय?"

पुरणपोळीनंतर चारच दिवसांत सुमनबाई शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. त्या दिवशी वैजयंतीत भांडायचं त्राण नव्हतं. कॅलेंडर समोरच होतं. ती पटकन म्हणाली, "काकू, आज सोमवार आहे. उपास आहे माझा."

वाटी जागच्या जागी थांबली. "अगं बाई! मग आधीच सांगायचं की!" आणि दहा मिनिटांत त्याच वाटीतून साबुदाण्याची उसळ आली.

मग वैजयंतीने लाज सोडली. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी आणि रविवारी ती दाराला आतून कडी लावायची. घरात मात्र तिन्ही त्रिकाळ भाकरी खायची. मल्लम्मा हे सगळं बघायच्या आणि तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, "आमच्या येळंला असली थेरं न्हवती." वैजयंतीला ते ऐकू जायचं आणि ती पाठ फिरवून भाकरी संपवायची.

पण कॅलेंडरवर फुल्या मारणारी ती एकटी नव्हती. एका रविवारी संध्याकाळी सुमनबाईंनी कडी वाजवून वाजवून दार उघडायला लावलं.

"उद्या तुझा सोळावा सोमवार! रजा टाक. सोळा बायांला मी सांगून आले. उद्यापन तुझ्याच घरी. ही घे चुरम्याला कणीक."

"कसलं उद्यापन? काकू, मी सोळा सोमवार धरलेच नव्हते!"

"धर म्हनून कुठं धरत असत्यात? मोजले की मी."

कणकेची पिशवी मल्लम्मांनी हातातून घेतली. "चुरमा मी करते," त्या म्हणाल्या. वैजयंतीने कॅलेंडरकडे पाहिलं. डॉक्टरची तारीख बुधवारी होती.

सोमवारी सकाळी सातपासून घर बायकांनी भरलं. स्वयंपाकघरात चार, बैठकीत बारा. भाकरी खायला कोपरा म्हणून मोकळा नाही. चार महिने खोटा उपास करणाऱ्या वैजयंतीला त्या दिवशी पहिल्यांदा खरा उपास घडला. पूजा झाली, कहाणी झाली, आरती झाली आणि दुपारी तीनला सुमनबाई म्हणाल्या, "आता पैला चुरमा तुझा."

वैजयंती उभी राहिली. आता खरं बोलायचंच. "हे बघा, मी उपास करतच नव्हते. रोज भाकरी खात होते. मला गहू चालत नाही, म्हणून खोटं बोलले."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुमनबाईंना तर गहिवरून आलं. "पोटात अन्न न्हाई, काय बी बडबडायलीय लेकरू. आत्याबाई, भरवा तिला!"

मल्लम्मांनी एक वेगळी वाटी पुढे केली आणि सुनेच्या डोळ्यात बघत म्हणाल्या, "खा गुमान."

सोळा जणी हात जोडून बघत होत्या. वैजयंतीने घास गिळला. त्याबरोबर एकशे बारा फुल्याही गिळल्या. पाच मिनिटांत भिंत तिरपी व्हायला लागली. तीच भिंत धरत धरत ती स्वयंपाकघरात गेली आणि सासूवर उखडलीच.

"झालं समाधान? आली चक्कर! आता बसते परत सोळा आठवडे यांच्या मोटरसायकलवर मागं!"

मल्लम्मांनी तिला पाटावर बसवलं आणि फडक्यातून भाकरी काढली. "कसली चक्कर यायलीय? तुझ्या वाटीत ज्वारीचा मलिदा व्हता. पहाटं येगळी भाकर केली, येगळ्या परातीत कुस्करली. सकाळपासून पोटात काय हाय तुझ्या? ही भुकंची चक्कर. ही मोजायची न्हाई."

अर्ध्या भाकरीत भिंत सरळ झाली. वैजयंतीला रडूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली. तेवढ्यात सुमनबाई ताट घेऊन आत आल्या. "सुटला की उपास! आता बहाना न्हाई. ह्या घे गरम पुऱ्या."

वैजयंतीने तोंड उघडायच्या आत मल्लम्मा बोलल्या, "तिनं परळीच्या वैजनाथाला गहू सोडलाय. जल्मभर."

ताट झटकन मागे गेलं. सुमनबाईंनी मोकळा हात कपाळाला लावला.

"मग आधीच सांगायचं की! चार महिने उगं डॉक्टर डॉक्टर करायलीस. देवाचं म्हणल्यावर आमी बळंच खाऊ घातलं असतं व्हय?"

बुधवारी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हसले आणि स्कूटीला परवानगी दिली. गुरुवारी पहाटे वैजयंतीने चादर ओढली, तर मल्लम्मा नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन शेजारी उभ्या.

"आत्याबाई, कुठं निघालात?"

"परळीला. देवाच्या नावानं लबाड बोलले, ते आता खरं करून यावं लागंल." त्या मागच्या सीटवर बसल्यासुद्धा. "आन् हळू चालव. मला लगीच गरगरतंय."