सासऱ्यांचं म्हातारपण

फक्त एक सुरकुती काढायची, एवढंच मी ठरवलं होतं. डाव्या डोळ्याखालची. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. चेहऱ्यावर सुरकुत्यांना तोटा नाही. त्यातली एक गेली तर कुणाला कळणार? सांग्जूच्या बाजारात मी एकोणतीस वर्षं गाद्या आणि रजया विकतोय. गिऱ्हाइकाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. (समज होता.)

दुकानाच्या मागच्या खोलीत मी फोटो काढतो. कुणी शिकवलं नाही. जुना कॅमेरा घेतला आणि बिघडवत बिघडवत शिकलो. येणारी बहुतेक म्हातारी माणसं. त्यांना हवा असतो दीर्घायुष्याचा फोटो. आमच्याकडे तो माणूस धडधाकट असताना काढून कपाटात ठेवतात. पुढे एक दिवस त्याला काळी फीत लागते आणि समोर उदबत्ती, पण तसं तोंडाने कुणी म्हणत नाही. फोटो काढला की आयुष्य वाढतं, असंच म्हणतात. माझा अनुभवही तोच आहे. एका निवृत्त पोस्टमास्तरांचा फोटो मी काढला तेव्हा ते बहात्तरचे होते. आता एक्याण्णव चालू आहे आणि ते तिसऱ्यांदा येऊन गेले, कारण जुन्या फोटोतला पोरगेला माणूस आपण नव्हेच, अशी त्यांची तक्रार.

मागच्या खोलीतलं वैभव सांगण्यासारखं नाही. पडदा म्हणजे दुकानातलीच डबल चादर. सणासुदीचे रेशमी पोशाख, म्हणजे हनबोक, दोन, एक बायकांचा, एक पुरुषांचा, दोन्ही पाठीतून उभे कापलेले. कुठल्याही मापाचा माणूस समोरून आत घालायचा आणि मागे रजया वाळत घालायचे चिमटे लावायचे. कमरेखाली ज्याची त्याची फुलाफुलांची विजार. फोटोतली प्रतिष्ठा छातीपर्यंतच असते.

तर सासूबाई. गुरुवारी त्यांचा गुडघा बदलायचा होता. गेली दोन वर्षं त्या संडासापर्यंत भिंत धरून जात होत्या, मोठ्या मिनतवारीने डॉक्टरची तारीख मिळाली होती, आणि आदल्या शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं, "फोटो झाल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढायची नाही."

"आई, गुडघ्याने कुणी मरत नाही हो," मी म्हणालो.

"तुम्ही डॉक्टर आहात का? रजया विका. मी त्या टेबलावर गेले तर तुम्ही लोक काय लावणार? ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून! त्या होबाम गावच्या मालसूनचं तसंच केलं. तीन दिवस ती फोटोतून लोकांकडे पकडलेल्या चोरासारखी बघत होती."

माझी बायको ओक्बून म्हणाली, "अहो, काढा ना एक फोटो. रोज परक्यांचे काढता."

काढला. आणि ती एक सुरकुती पुसली. आता गंमत अशी की डावा डोळा ताजातवाना झाला की उजवा आजारी दिसायला लागतो. उजवा सुधारला, गाल लोंबला. गाल ओढला, मान राहिली. मधे मधे गिऱ्हाईक येत होतं, उशीचा अभ्रा देऊन मी परत बसत होतो आणि कुठे थांबलो होतो ते विसरत होतो. शनिवारी संध्याकाळी फ्रेम तयार झाली.

सासूबाईंनी चष्मा लावला. "छान आहे. कोण ही?"

"तुम्हीच, आई."

"माझी पोरं नमस्कार कुणाला करणार? या पंचेचाळीस वर्षांच्या बाईला? वर पूर्वज विचारतील, ही नवीन कुठून आणली?"

रविवारी एकही सुरकुती न पुसता दुसरा फोटो छापला. काही केलंच नाही, म्हणून तो उत्तम आला. सासूबाई बराच वेळ खूश होत्या, म्हणजे साधारण चार मिनिटं. मग त्यांनी ट्रंकेतून सासऱ्यांचा फोटो काढून शेजारी ठेवला.

माझे सासरे तेहतिसाव्या वर्षी गेले. ओक्बून तेव्हा दोन वर्षांची. त्यांचा एवढा एकच फोटो: केस तेल लावून मागे, देखणं नाक, डोळ्यांत हसू. पुढे श्राद्धाच्या ताटामागे हे दोन फोटो शेजारी शेजारी लागणार.

सासूबाईंनी दोन्ही फोटो आणखी जवळ सरकवले. मग म्हणाल्या, "मी याची आई दिसते."

"आई, तसं काही—"

"आजी दिसते! ताटावर जेवायला येईल आणि मला वाकून नमस्कार करेल. नाही. मी नाही जात दवाखान्यात. राहू दे गुडघा."

ओक्बूनने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुम्ही काहीतरी करा. परवा आई अंगणात पडली. पुढची तारीख पाच महिन्यांनी आहे."

"काय करू? त्यांना तरुण केलं तर चालत नाही, म्हातारं ठेवलं तर चालत नाही."

"मग बाबांना म्हातारं करा."

(माझ्या संसारातले सगळे मोठे निर्णय असे स्वयंपाकघरात, मुळ्याच्या लोणच्याच्या बरणीशेजारी उभ्या उभ्या झालेले आहेत.)

म्हातारं करायचं म्हणजे उसनं म्हातारपण लागतं. मेव्हणा कीबोक तोंडवळ्याने बापावर गेलाय, म्हणून पुसानला फोन करून त्याचा फोटो मागितला. त्याने पाठवला तो डोंगर चढतानाचा: टोपी, काळा गॉगल, नाकापर्यंत रुमाल. दुसरा नाहीच म्हणाला. राहिलो मी. वय एकोणसाठ, पण रजयांचे गठ्ठे उचलून पंचाहत्तरचा दिसतो असं बाजारात मत आहे.

सोमवारी दुकान अर्धं बंद करून मीच हनबोकात शिरलो. स्वतःच्या पाठीला स्वतः चिमटे लावून पाहा एकदा. कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, दहा आकड्यांत पळत येऊन स्टुलावर बसायचं आणि चेहऱ्यावर पूर्वजांची शांती आणायची. सहाव्या वेळी चिमटा सुटला आणि मी उघड्या पाठीने उभा असताना एक बाई दोन पडद्यांचा भाव विचारायला आत आली. भाव न विचारताच गेली.

मंगळवारभर जोडकाम. सासऱ्यांचे डोळे, सासऱ्यांचं नाक. बाकी सगळा माल माझा. डोळ्यांखालचे फुगे, गालावरचे डाग, मान, विरळ केस. खरं सांगतो, थकून गेलो होतो, पण शेवटी मागे सरकून पाहिलं तेव्हा अभिमान वाटला. तेहतिसाव्या वर्षी गेलेला माणूस ऐंशी पार करून माझ्यासमोर बसला होता.

बुधवारी सकाळी, दवाखान्याची पिशवी भरून तयार असताना, मी तो फोटो सासूबाईंच्या हातात दिला.

ओक्बूनने माझी बाही धरली.

"असा झाला असता होय?" सासूबाई हळूच म्हणाल्या.

"साधारण असाच," मी म्हणालो.

"हे डोळ्यांखाली काय आलंय?"

"वयाने येतात असे फुगे, आई."

"यांच्या घराण्यात नव्हते कुणाला. आणि मान अशी कासवासारखी? केस कुठे गेले याचे?" त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, मग उलटा करून मांडीवर ठेवला. "बावन्न वर्षं मी रडले, जावईबापू. दर वर्षी ताट मांडायचं आणि रडायचं, की एवढ्या लवकर का गेलास. आज कळलं. माझ्यावर उपकारच केले त्याने. हे ध्यान मला रोज समोर बसून जेवताना बघावं लागलं असतं!"

ओक्बूनने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंडावर टॉवेल दाबून ती बाहेर पळाली.

सासूबाईंनी तरुण सासऱ्यांचा फोटो पुन्हा समोर घेतला, शेजारी आपला सुरकुत्यांचा ठेवला. "राहू दे हा असाच. आणि मी ही अशीच. मला एकटीला म्हातारी व्हायला लावलंस ना? मग बस आता आजीशेजारी. लाज वाटली तर तुला वाटेल." आणि मला म्हणाल्या, "टॅक्सी बोलवा. बसून काय राहिलात?"

गुरुवारी गुडघा बदलला. महिन्याभराने त्या काठी टेकत बाजारात आल्या आणि मासळीवालीशी भांडून गेल्या, म्हणजे पूर्ण बऱ्या झाल्या.

मी तो तिसरा फोटो फ्रेममधून काढून फेकायला निघालो, तर ओक्बूनने हातातून घेतला, पुसला आणि कपाटात वरच्या खणात ठेवला.

"राहू दे. तुमच्या वेळेला लागेल. हनबोक आहे, वयही बरोबर आहे."

"अगं, पण त्यात डोळे आणि नाक तुझ्या बाबांचं आहे!"

"म्हणून तर ठेवतेय," ती म्हणाली. "तेवढंच बघण्यासारखं आहे त्यात."