रिलीव्हर आल्याशिवाय

मेश्रामभाऊंच्या क्वार्टरमधून माणसाला नुसतं उठून जाता येत नसे. आधी चार्ज द्यावा लागे. कशाचा? तर शेवंता नावाच्या एका मांजरीचा. वय पंधरा, दात तीन, मागचे दोन्ही पाय निकामी, आणि स्वभाव जिल्हाधिकाऱ्याच्या आईसारखा.

कोराडीच्या वीज केंद्रात आम्ही दोघंही पाळीवर कामाला होतो. ते बॉयलरवर, मी पाण्याच्या पंपांवर. पाळीच्या नोकरीचा एक नियम आहे. तुम्हाला सोडवायला येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. त्याला सगळी हकीकत सांगायची, वहीत सही करायची आणि मग घरी जायचं. आम्ही बाकीचे लोक हा नियम गेटवरच ठेवून येत असू. मेश्रामभाऊ तो घरी घेऊन आले.

माझी त्यांची पाळी नेहमी उलट असायची. ते प्लांटवर तर मी घरी, मी प्लांटवर तर ते घरी. शिवाय आमच्या स्वयंपाकघरांची भिंत एकच. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला नेमून टाकलं. विचारलं नाही. एक दिवस त्यांच्या दारामागे ड्यूटीचा तक्ता लागला आणि त्यात माझं नाव होतं. आम्ही दोघंही गेट ते घर या रस्त्यावर असायचो त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी माझ्या बायकोचं, सुमनचं नाव होतं. पुढं कंसात 'हंगामी' असंही लिहिलं होतं.

"माह्या दोन्ही बाळंतपणाले तुमाले रजा भेटली नाही," सुमन म्हणाली, "अन् मांजरीसाठी बरा वेळ भेटून राहिला." पण दुपारी तीच आधी जाऊन बसायची. शेजारधर्म म्हणून, असं ती सांगे. मी काय म्हणून जायचो ते मला नीट सांगता येणार नाही. मला माणसांना नाही म्हणता येत नाही, एवढं खरं.

शेवंता आजारी पडली तेव्हा मेश्रामभाऊ तिला भाजीच्या टोपलीत घालून, वर धोतराचं फडकं बांधून, बसनं शहरातल्या गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. सोबत अर्थातच मी. तिथल्या कारकुनानं छापील कागद पुढं ओढला आणि मान वर न करता विचारलं, "दूध किती देते?" मेश्रामभाऊ म्हणाले, "देत नाही, पेते." कागदावर गाय, म्हैस, बैल आणि बकरी एवढेच रकाने होते. आमचं नाव बकरीत लागलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं शेवंताचं पोट चाचपलं, पाय हलवून पाहिले आणि सांगितलं की मूत्रपिंडं थकली आहेत, सांधे गेले आहेत, वय झालं आहे.

"ओव्हरहॉलिंग होत नाही काय?" मेश्रामभाऊंनी विचारलं.

डॉक्टरनं आमच्या खाकी कपड्यांकडे पाहिलं. "नाही. आता लोड कमी करायचा. दर दोन तासांनी चार चमचे पाणी, त्याहून जास्त नको, उलटी होईल. आणि कूस बदलत राहा, नाहीतर चामडी फाटेल."

झालं. दुसऱ्या दिवशी वही आली. पट्टीनं आखलेले रकाने: वेळ, पाणी, कूस डावी की उजवी, लघवी, शेरा, सही. पलंगाजवळ शेवंताच्या विधीसाठी चाळलेल्या राखेचं घमेलं आलं. कोराडीत राखेला काय तोटा, ती तर वाळत घातलेल्या कपड्यांवरही फुकट मिळे. सकाळ-संध्याकाळ मेश्रामभाऊ जुन्या पातळाची पट्टी शेवंताच्या पोटाखालून घालून तिचा मागचा भाग वर उचलून धरत आणि ओट्यावर तिला फिरवत. ती पुढच्या दोन पायांनी चाले, हे मागून वाकून चालत. पाहणाऱ्याला वाटे की तीच त्यांना फिरवायला घेऊन निघाली आहे.

चार्ज घेताना मी चुकून "ठीक दिसते" म्हणालो की ते हात वर करत. "अंदाज नको, भाऊ. रीडिंग सांगा." मग मी वही वाचून दाखवायची. असे आठ महिने गेले. मी थकलो होतो. सुमनही थकली होती. शेवंता तर कधीचीच थकली होती. फक्त मेश्रामभाऊ दर वेळी नव्या बॉयलरला हात लावल्यासारखे तिच्याजवळ बसत.

मग मे महिना आला. नागपूरकडचा मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. त्या दिवशी ते सकाळपाळीला गेले होते. मी सातचं पाणी पाजलं, कूस बदलली, वहीत लिहिलं आणि नऊ वाजेपर्यंत जरा डोळा लावावा म्हणून चटईवर आडवा झालो. जाग आली तेव्हा दीड वाजून गेला होता, माझ्या पाळीची वेळ होत आली होती. नऊचा, अकराचा आणि एकचा, तीन रकाने कोरे होते.

उमेदवारीच्या काळात मी एका कापडगिरणीच्या बॉयलरवर होतो. तिथल्या भट्टीत कोळसा घालणाऱ्या एका म्हाताऱ्या फायरमननं मला एक युक्ती शिकवली होती. रीडिंग राहून गेलं तर वरचं पाहायचं आणि खाली तेच उतरवायचं. इतकी वर्षं मी ती वापरली नव्हती, पण हाताला आठवत होती. डोकं पुरतं जागं व्हायच्या आत हातानं लिहून टाकलं: चार चमचे, उजवी. चार चमचे, डावी. चार चमचे, उजवी. शेरा नॉर्मल. खाली सही. तेवढ्यात सुमन आली. मी तिला चार्ज दिला आणि डबा घेऊन प्लांटवर गेलो. शेवंता सातपासून डाव्या कुशीवर पडली होती, ती तशीच होती.

मेश्रामभाऊ अडीचला आले. माश्यांसाठी घातलेल्या फडक्याखाली शेवंता झोपलेली दिसली. त्यांनी वही वाचली. पाणी पोटात वेळेवर गेलंय, तेव्हा मध्येच आणखी पाजायला नको, असा त्यांनी हिशेब केला आणि तीन वाजेपर्यंत थांबले. तिनाला उचलायला गेले तर शेवंताची मान लटकत होती. डाव्या मांडीची चामडी सोलून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी चार्ज घ्यायला गेलो. सुमननं रात्री सगळं सांगितलंच होतं. मेश्रामभाऊ खाकीत नव्हते. बनियनवर, मांडीवर शेवंताला घेऊन बसले होते आणि ड्रॉपरनं एकेक थेंब तिच्या ओठाच्या कोपऱ्यात सोडत होते. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांच्या बायकोचा, चंद्रभागाबाईंचा फोटो होता. शेवंता त्यांनीच माहेरून आणलेली. त्या जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी उभाच राहिलो. मला स्वतःची लाज वाटत होती. "भाऊ, मी काल झोपलो," मी म्हणालो. "ते खोटं लिहिलं मी."

"समजलं मले. गादी उजवीकडं कोरडी होती, कूस बदलली असती तं तिकडंबी ओली राह्यली असती." त्यांनी ड्रॉपर वाटीत ठेवला. "बसा ना. मी रागात नाही."

मी बसलो. ते तिच्या मांडीला खोबरेल तेल लावू लागले.

"मी ड्यूटीवरून आलो का चंद्रभागेले विचारो," फोटोकडे न पाहता ते म्हणाले, "कशी आहेस वं? ती म्हने, बरी आहो. मी म्हनो, ठीक. रोज विचारो, बरं. एक दिवस चुकलो नाही. रोज तेच, बरी आहो. अन् मी जेवाले बसो. तिच्या तोंडाकडं नाही पाह्यलं मी, भाऊ. ती वाळून राहिली होती. चोळ्या ढिल्या होऊन राहिल्या होत्या. चार महिन्यानं दवाखान्यात नेली, तं डॉक्टर म्हने, इतके दिवस काहून आनलं नाही? मी काय सांगू त्याले? का रीडिंग नॉर्मल होतं म्हनून?"

मी वाटी पुढं ओढली आणि ड्रॉपर भरला. त्यांनी शेवंताचं तोंड माझ्याकडे वळवलं. तिनं गिळलं. दोघांनीही ते पाहिलं.

त्यानंतर शेवंता आणखी सतरा दिवस जगली. त्या सतरा दिवसांत मी एकदाही आडवा झालो नाही, पण ही काही मोठी गोष्ट म्हणून सांगत नाही. जखम सुकली होती. मूत्रपिंडं मात्र कुणाचं ऐकत नव्हती. एका दुपारी, मेश्रामभाऊ घरी असतानाच, ती त्यांच्या मांडीवर गेली. क्वार्टरांमागच्या निंबाखाली आम्ही खड्डा खणला. सुमननं त्यात शेवंतीची फुलं टाकायचं ठरवलं होतं, पण मे महिन्यात ती कुठली मिळायला. मोगऱ्यावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची सकाळपाळी होती. मी सवयीनं साडेपाचला उठलो, तोंड धुतलं आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की आता माझं इथं काही काम नाही. ते डबा भरून, खाकी चढवून, खुर्चीत बसले होते. निघायची वेळ टळून गेली होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कसे आहात, भाऊ?"

"बरा आहो," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. "नाही, भाऊ. बरा नाही मी."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन त्यांच्याजवळ बसलो.