रिसबूड सरांचं सील

गोपाळकृष्ण रिसबूड सकाळी साडेनऊला धायरीच्या 'कष्टकरी औद्योगिक प्रशिक्षण केंद्रात' पोचले, की आधी हजेरीपत्रक बघत नसत. हत्यारांच्या खोलीचं कुलूप बघत. एकदा ओढून, एकदा हिसडा देऊन, एकदा चष्मा कपाळावर चढवून. कुलपावर कागदाची पट्टी, पट्टीवर त्यांचीच सही आणि सहीवर लाखेचा ठिपका. आता प्राचार्यानं रोज स्वतःच्याच सहीचा संशय घ्यावा का? पण सदाशिव पेठेतल्या शाळेत बावीस वर्षं मुख्याध्यापकी केल्यावर माणसाचा खडूच्या तुकड्यावरसुद्धा भरवसा उरत नाही.

दोन वर्षांपूर्वी संस्थेनं फिटरच्या वर्गासाठी नवी हत्यारं घेतली होती. बारीक मापं घ्यायचे व्हर्नियर, कानशी, हातोड्या, सगळं कोरं करकरीत. रिसबुडांनी ती पोरांच्या हाती दिली असती तर ते रिसबूड कसले! त्यांनी प्रत्येक वस्तूला ग्रीस फासलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, खोलीत ठेवलं आणि बोहरी आळीतून स्वतः निवडून आणलेलं कुलूप ठोकलं. किल्ली जानव्याला. पोरांसाठी बाहेर चार बोथट कानशी आणि एक फूटपट्टी.

फिटरचा वर्ग शिकवणारे निदेशक मुनव्वर तांबोळी महिनाभर मागे लागले होते.

"सर, मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजायचा असतो. फूटपट्टीवर कसा दिसणार?"

"डोळे बारीक करायला शिकवा."

"पण सर, हत्यारं वापरायसाठीच आणलीत ना?"

"तांबोळी, वापरलं की हरवतं. हरवलं की चौकशी होते. चौकशी झाली की तुम्ही म्हणणार, मला काय माहीत."

महिन्याभरानं तांबोळी एकाएकी गप्प झाले. पुन्हा कधी विषयच काढला नाही. ही गोष्ट मात्र रिसबुडांच्या मनात फार सलत होती. मागणारा माणूस परवडला, न मागणारा घातकी!

अशातच एका गुरुवारी खात्याचे तपासणी अधिकारी श्यामसुंदर साहेब येऊन उभे राहिले. वर्गाची मान्यता संपत आली होती. परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवार, आणि फॉर्मला मान्यतेचं पत्र जोडल्याशिवाय ते कुणी हातात घेणार नव्हतं. पत्र नाही तर सोळा पोरांची दोन वर्षं मुठेच्या पाण्यात.

रिसबूड निर्धास्त होते. साहेबांसमोर त्यांनी लाख फोडली, पाठ वळवून जानव्याची किल्ली काढली आणि एखादं तीर्थक्षेत्र दाखवावं तसं दार उघडलं. साहेबांनी एक पुडकं सोडलं. आतला व्हर्नियर लखलखत होता.

"कोरा दिसतोय."

"आमची देखभाल!" रिसबूड फुलले. "दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी स्वतः गुंडाळलाय. तेव्हापासून माशीसुद्धा आत गेलेली नाही."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हा पेपर परवाच्या मंगळवारचा आहे."

"शक्यच नाही!"

"का? तुमच्याकडे पेपर दोन वर्षं आधी टाकतात का?"

रिसबुडांनी दुसरं पुडकं उघडलं. मंगळवार. तिसरं उघडलं. तेही मंगळवार. त्यांना दरदरून घाम फुटला.

"भाड्यानं आणलीत ना?" साहेब थंडपणे म्हणाले. "नवीन नाही हो आम्हाला. गेल्याच महिन्यात एके ठिकाणी ड्रिल मशिनवर दुसऱ्या संस्थेचं नावसुद्धा पुसलं नव्हतं. तुम्ही निदान कागद तरी जुना घ्यायचा."

"तांबोळी!" रिसबूड गरजले. "म्हणून गप्प होतात होय! माझी हत्यारं विकलीत आणि ही कुठून उचलून आणलीत?"

तांबोळींचा चेहरा पडला. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी चोर म्हटलं नव्हतं. ते काही बोलणार, तोच साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "असो. मी शेरा लिहितो, साधने केवळ तपासणीपुरती—"

"साहेब, थांबा!" मागून आवाज आला. वर्गातली एकुलती एक मुलगी, मुक्ता पोकळे, पुढं आली. "पेपर आमच्या घरचा हाय. काल दुपारी मीच गुंडाळलं समदं."

"तू आत गेलीस?" रिसबूड किंचाळले. "कशी?"

"दारातनं."

"आणि कुलूप?"

"कुलपाला हात न्हाई लावला, सर. तुम्ही नको म्हणला होता न्हवं."

साहेबांच्या कपाळावर आठी उमटली. "कुलूप लावा. हिला करून दाखवू दे."

रिसबुडांनी कुलूप लावलं, तीनदा हिसडा दिला आणि विजयी मुद्रेनं बाजूला झाले. मुक्तानं दप्तरातून घरची हातोडी आणि खिळा काढला, कुलपाकडं ढुंकूनही न बघता दाराच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि बिजागऱ्यांच्या खिळी टक्‌ टक्‌ टक्‌ वर ठोकून काढल्या. दोघा पोरांनी दार अल्लद उचललं. कुलूप आपलं जागच्या जागी, एखाद्या सरकारी पाहुण्यासारखं.

"चाळीस सेकंद," तांबोळी खाली मान घालून म्हणाले. "पहिल्यांदा पाऊण तास लागला होता. सर डबा खाऊन वामकुक्षी घेतात ना, दीड ते अडीच, तेवढ्या वेळात रोज सराव. मग पुसायचं, ग्रीस लावायचं, नव्या कागदात गुंडाळायचं. जुना कागद ग्रीसनं फाटतो, सर."

"दोन वर्षं!" रिसबुडांचा आवाज चिरकला. "माझ्या नाकाखाली दोन वर्षं मला फसवलंत?"

"पोरांना परीक्षा द्यायची होती, सर."

आयुष्यभर घेतलेला एक तरी संशय खरा निघाला, याचा आनंद मानावा की दुःख, हे रिसबुडांना कळेना. साहेबांचं मात्र अजून समाधान झालं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण पुढं केलं. "मोज."

मुक्तानं व्हर्नियर लावला. "अकरा पॉइंट बेचाळीस."

साहेबांनी स्वतः मोजलं. तीन वेळा तीन निरनिराळी मापं आली. चौथ्यांदा अकरा पॉइंट बेचाळीस आलं, तेव्हा त्यांनी निमूटपणे टोपण पेनामागं लावून लिहायला घेतलं: 'साधनांचा वापर नियमित. देखभाल आदर्श. प्राचार्यांनी विद्यार्थ्यांवर टाकलेला विश्वास अनुकरणीय.'

शेवटचं वाक्य रिसबुडांनी दोनदा वाचलं. टोमणा असावा असा त्यांना दाट संशय आला, पण मान्यता मिळत होती. मग त्यांनी घसा खाकरला आणि तांबोळींना सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तांबोळी, मघाशी मी बोललो ते... चुकलं माझं." एवढं बोलायला त्यांना लाख फोडण्यापेक्षा जास्त जोर लागला.

"पत्र उद्याच मिळेल ना, साहेब?" रिसबुडांनी लगेच विचारलं.

श्यामसुंदर साहेब चुळबुळले. "सही आत्ता देतो. पण शिक्का कार्यालयातल्या कपाटात आहे. आधीचे साहेब बदलून गेले, ते किल्ली घेऊनच गेले. त्यांचा कुणावर विश्वास नव्हता, म्हणून दुसरी किल्ली कधी केलीच नाही. पत्र पाठवलंय त्यांना. पंधराएक दिवस लागतील."

"अहो, पण शनिवारी फॉर्म बंद होतात!"

"इलाज नाही. सरकारी कुलूप तोडता येत नाही."

सोळा पोरं जमिनीकडं बघत राहिली. मुक्ताच्या हातातली हातोडी खाली आली. रिसबुडांनी तिच्याकडं पाहिलं, तांबोळींकडं पाहिलं, मग दार लावून घ्यायला गेले. दार भिंतीला टेकवून ठेवलंय हे दिसल्यावर परत आले आणि साहेबांच्या कानाशी लागले.

"कपाट लाकडी आहे का हो?"

"लाकडी. का?"

"काही नाही," रिसबूड आणखी हळू आवाजात म्हणाले, "उद्या दीड ते अडीच तुमच्या कार्यालयात कोण असतं?"