खानेसुमारीपुरतं गाव

माणूस जिथे पोट भरतो तिथला नसतो, जिथे मोजला जातो तिथला असतो. बोलिव्हियाच्या पठारावर हे शास्त्र शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

टोलापाम्पा गावात एरवी एकोणीस माणसं असतात (पैकी दोघं एकमेकांशी बोलत नाहीत). विहीर आटली, किन्वाचं पीक करपलं, तशी बाकीची एल आल्तो शहरात गेली. पण गावाचा कायदा कडक: खानेसुमारीला जो हजर नाही, त्याची जमीन गावजमा. त्यामुळे आदल्या दिवशी ट्रक भरभरून चारशे माणूस उतरलं. साबिना म्हातारीच्या एकुलत्या खोलीत एकतीस जण मावले. त्याची नोंद 'मोठे, सुखी एकत्र कुटुंब' अशी झाली.

साबिनाला हवा होता पाण्याचा पंप. मुलगा रुपेर्तो म्हणाला होता, "आई, पाणी येऊ दे, दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन परत येतो." डोकी जास्त दिसली की पंप लवकर, असा तिचा सरळ हिशेब.

मोजणीच्या बाईंनी विचारलं, "मावशी, इथून कोणी गाव सोडून गेलंय का?"

"कशाला जाईल?" साबिना ठसक्यात म्हणाली. "काय कमी आहे इथं?"

"आई, जरा बेतानं," रुपेर्तो कुजबुजला.

"तू गप रे! पंप पाहिजे ना?"

दोन वर्षांनी पंपाच्या मागणीला सरकारी उत्तर आलं. पंप योजना गाव सोडणाऱ्यांना थोपवण्यासाठी आहे. टोलापाम्पातले स्थलांतर शून्य टक्के. सबब तेथे पाणी मुबलक असले पाहिजे. (काढा बघू यात खोट.) पंप शेजारच्या गावाला मिळाला. तिथली माणसं आळशी, मोजून घ्यायला आलीच नव्हती. आता तिथे पाणी धो धो आहे, प्यायला कोणी नाही.

साबिनानं पत्र तीनदा वाचून घेतलं. "मेल्या माझ्याच जिभेला हाड नाही," म्हणत ढसाढसा रडली. मग तिनंच बोचकं बांधलं आणि मुलाकडे गेली. टोलापाम्पात आता अठरा माणसं आहेत. पुढच्या खानेसुमारीला साबिना ट्रकमधून उतरेल, आपल्या दाराशी बसेल आणि सांगेल, जन्मापासून इथंच आहे मी.

हसा, खुशाल हसा. फक्त त्याआधी आपल्या कागदांवरचा 'कायमचा पत्ता' काढून बघा, आणि तिथलं पाणी शेवटचं कधी प्यायलात ते आठवा.