डावा दुखतो, उजवा दाखवला

मसाज करून घ्यायचा हे मी ठरवलं ते खांद्यासाठी नव्हे, दुकानाच्या चाव्यांसाठी.

माझं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर तागे. दोन महिन्यांपूर्वी सगळ्यात वरच्या फळीवरून मखमलीचा तागा ओढताना डाव्या खांद्यात कटकन वाजलं आणि त्या दिवसापासून तो हात छातीच्या वर जाईना. तागा काढायला दोन्ही हात लागतात. मग मी काय केलं? छातीच्या वरचा सगळा माल बंद झाल्याचं जाहीर करून टाकलं. मखमल? कंपनीनेच बंद केली. जाळीचं? हल्ली कोण लावतं हो! (एखादं गिऱ्हाईक वर बोट दाखवून "मग ते काय आहे?" असं विचारायचं. त्याला मी "ते एकांनी बाजूला काढून ठेवायला सांगितलंय" म्हणायचो. या 'एकां'नी तीन भिंती भरून माल बाजूला काढायला सांगितला होता.)

असं अर्धं दुकान मी तीन आठवडे चालवलं. मग शेजारच्या वहिनी मखमलीसाठी आल्या, रिकाम्या हाताने परतल्या आणि सरळ आमच्या घरी गेल्या. संध्याकाळी बायकोने मला खुर्चीवर बसवलं.

"हात वर करा बघू."

मी उजवा केला.

"दुसरा."

दुसरा शर्टाच्या खिशापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हाड शाबूत आहे. स्नायू आखडलाय. विश्रांती घ्या, नाहीतर जाणकार माणसाकडून मसाज करून घ्या, म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"झाले असतील दोन आठवडे."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजले. माझी बायको बोलत असते तोवर मला काळजी नसते. शेवटी म्हणाली, "सोमवारी सकाळी मी दुकानात येते. माझ्यासमोर मखमलीचा तागा खाली काढून दाखवा. नाही जमलं तर तुम्ही घरी, आणि चाव्या माझ्या भावाकडे."

माझा मेव्हणा स्वभावाने फार चांगला आहे, आणि दुकानात बसवायला त्याच्याइतका धोकादायक माणूस मी पाहिलेला नाही. एकदा दुपारभर त्याला बसवलं होतं, तर एका बाईंना त्याने आपण होऊन सांगितलं, "ताई, हा रंग उन्हात उडतो, घेऊ नका." त्या बाई तेव्हापासून फिरकल्या नव्हत्या. अशा माणसाच्या हाती तीस वर्षांचं दुकान? मी लगेच एका मसाज सेंटरमध्ये शनिवारची वेळ घेतली.

तिथे मंद दिवा होता, पाणी झुळझुळल्यासारखं संगीत होतं आणि एक फॉर्म होता. रक्तदाब आहे का, ऑपरेशन झालंय का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का? मी सगळीकडे 'नाही' लिहिलं. मसाज करणाऱ्या बाई चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या. चेहरा असा की मला शाळा आठवली. (सातवीत सोडली. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं.)

"काका, कुठे दुखतंय?"

आता इथे माझा व्यवसाय आडवा आला. ठोक बाजारात मला हिरवं कापड हवं असेल, तर मी अर्धा तास निळ्याची चौकशी करतो. हिरव्याला हात लावत नाही, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. निघताना दारातून सहज विचारल्यासारखं करतो, "आणि हे हिरवं पडून आहे, ते काय करणार?" आपल्याला काय हवंय हे समोरच्याला कळलं की तो आपल्या डोक्यावर बसतो. बायकोला पहिल्यांदा भेटलो तेव्हाही सवयीने तासभर खिडकीच्या पडद्याकडेच बघत होतो. मुलाला मुलगी पसंत नाही, असा तिकडे समज झाला, आणि तो निस्तरायला मला चार फेऱ्या माराव्या लागल्या.

तरी मी म्हणालो, "उजवा खांदा."

"फक्त उजवा?"

"उजवाच."

"डाव्याचं काही?"

"डाव्याला काय झालंय!" मी हसलो. मनात हिशेब सोपा होता. अर्धा तास उजवा बघू दे, मग सहज म्हणू, हातासरशी डावाही बघून टाका.

शर्ट काढून, कमरेपासून खाली चादर ओढून मी पालथा झोपलो. टेबलाला तोंड ठेवायला एक भोक असतं. त्यातून फक्त फरशी आणि बाईंच्या चपला दिसतात. बाईंनी कोमट तेल लावून उजव्या खांद्यावर अंगठा ठेवला. "दाब कसा वाटतोय? जास्त झाला तर लगेच सांगा."

"ठीक आहे," मी म्हणालो. खरं तर डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. पण दुखतंय म्हणणं म्हणजे पहिल्याच बोलीला मान डोलावणं. बाईंनी दाब वाढवला.

आणि मग एक अघटित घडलं. मला बरं वाटायला लागलं. तीस वर्षं तागे उचलणारा तो बिचारा उजवा खांदा. त्याची विचारपूस आजवर कोणी केलीच नव्हती. गिऱ्हाईक नाही, फोन नाही, "अहो, ऐकलंत का" नाही. मी इतका दमलेलो आहे हे मला तेव्हाच कळलं. अर्धा तास झाला की डाव्याचं बोलायचं, असं घोकत घोकत मी...

"काका, उठा. वेळ झाली."

फरशीवर माझ्या लाळेचा थेंब होता.

"आणि डावा?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"डाव्याला काही झालेलं नाही म्हणालात."

"तोच तर दुखतोय!"

"माहितीये," बाई हात पुसत म्हणाल्या. "शर्ट काढलात तेव्हाच दिसलं."

"मग केला का नाहीत?"

"तीन प्रकारे विचारलं की. माणूस नाही म्हणाला तर आम्ही तिथे हात लावत नाही. बाहेर लोक थांबलेत, आता गुरुवारी या. आज पाणी भरपूर प्या, आणि हा खांदा एक-दोन दिवस ठणकेल, घाबरू नका."

बाईंचा शब्द खरा ठरला. सोमवारी सकाळी दुकानात बायकोसमोर मी उभा राहिलो तेव्हा उजवा हातही खिशापर्यंतच येत होता. दोन्ही हात छातीशी धरून मी मखमलीकडे नुसता बघत राहिलो.

"गेल्या आठवड्यात निदान एक तरी वर जात होता," बायको म्हणाली आणि तिने माझ्या खिशातून चाव्या काढून घेतल्या. अडवायला हात लागतात, म्हणून अडवलं नाही.

गुरुवारी बाईंनी विचारायच्या आत मी सगळं ओकून टाकलं: डावा, मागून, पाठीच्या हाडाच्या काठाला, आणि दाब जास्त होतोय. तीन बैठका लागल्या. चौथ्या सोमवारी हात डोक्यावर गेला तसा मी बायकोला घेऊन धावतच दुकानात आलो, मेव्हण्याकडून चाव्या घेतल्या, त्याला घरी पाठवलं आणि बायकोला म्हणालो, "बघ आता." शिडी लावली, हात वर केला.

फळी रिकामी होती.

"मखमल कुठे गेली?"

"विकली त्याने," बायको म्हणाली. "लोकांनी मागितली, त्याने दिली."

मी हात तसाच वर धरून शिडीवर उभा. तेवढ्यात एक बाई आत आल्या. त्याच, उडणाऱ्या रंगाच्या. बरोबर आणखी दोघी. त्यांनी गल्ल्याकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं, शेवटी वर माझ्याकडे पाहिलं.

"अहो दादा, मालक नाहीत का?"

मी शिडीवरून खाली उतरलो. त्यांच्यासाठी खुर्च्या पुढे सरकवल्या.

"बसा ना," म्हणालो, "आत्ताच घरी गेलेत. फोन करून बोलावून घेतो."