न मिळालेल्या उत्तरांचा साक्षीदार

तुमसरला राईस मिलमागच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये दर रविवारी साक्ष होते. म्हणजे एकेकानं उभं राहून देवानं आठवडाभरात आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाची हरवलेली म्हैस सापडते, कुणाच्या पोरीचं लग्न जमतं. शमुवेलकाका मात्र देवानं काय केलं नाही ते सांगतात.

"मी गुडघ्यासाठी उपास धरला," एकदा ते म्हणाले. "गुडघा जसाचा तसा. वरून ॲसिडिटी झाली. प्रभूची स्तुती असो!"

प्रत्येक साक्षीनंतर ढोलकीवर थाप देणं हे माझं काम. त्या दिवशी द्यावी की नाही, कळेना. दिली. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही काकांचा गुडघा मीच बिघडवला होता.

काका निवृत्त वायरमन. "टेस्टर लावल्याबिगर करंट आहे म्हनू नये," हे त्यांचं ब्रीद, आणि पवित्र शास्त्रालाही ते टेस्टर लावतात. महापुरात प्रत्येक प्राण्याची जोडी वाचवणाऱ्या नोहाच्या लाकडी तारवात, म्हणजे जहाजात, वाळवीची जोडी होती का? होती, तर तारू तरलं कसं? येशूनं लाजराला मेलेल्यातून उठवलं, म्हणजे त्या बिचाऱ्याला दोनदा मरावं लागलं. "त्याले कोनी इचारलं होतं काय?"

लोक वैतागायचे. पण पत्नी सुशीलाकाकू गेल्यापासून काका घरात एकटेच. आठवडाभर टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याशी वाद घालायचा, आणि रविवारी माणसांशी. तेवढाच त्यांचा विरंगुळा होता.

शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "काका, साक्ष मिळालेल्या उत्तराची असते. तुमच्यामुळे नवीन लोक बिचकून राहिले. यापुढे तुम्ही साक्ष देऊ नका."

"मंग न भेटलेल्या उत्तराची कोनं द्याची?"

"कोणीच नाही."

त्यानंतर काका मागच्या सतरंजीवर चूप बसू लागले. उपासना अगदी वेळेवर संपू लागली. खरं सांगतो, मला करमेनासं झालं.

अशाच एका रविवारी आमच्या चर्चमधली रूथ आली. तिचं तान्हं बाळ नुकतंच आजारानं गेलं होतं. त्याच्यासाठी आम्ही सगळ्यांनी उपास केले होते, आणि बाळ बरं होणारच असं तिला छातीठोक सांगितलंही होतं. साक्षीची वेळ झाली तशी ती उभी राहिली.

"मी मांगतलं होतं," ती म्हणाली. "मले नाही भेटलं. काहून?"

"देवाची योजना असते, बाई," असं कुणीतरी पुटपुटलं आणि तेही मध्येच थांबलं. पाळकसाहेब शास्त्राची पानं उलटत राहिले. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

काका उठले. बायकांच्या बाजूला गेले आणि रूथला खाली बसवून तिच्याजवळ बसले. आमच्याकडे पुरुष तिकडे बसत नाहीत, पण त्यांना कुणी हटकलं नाही.

"मले बी नाही माहीत, पोरी," ते म्हणाले. "माह्या सुशीलाले काहून नेलं, मी रोज इचारतो. तो काही सांगत नाही."

"मंग रोज कायले इचारता?" रूथनं रडत रडत विचारलं.

काकांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"त्याच्याबिगर घरात दुसरं आहे कोन," ते म्हणाले, "भांडाले?"